रुळण्याची पळवाट

नवं कार्ट्रिज टर्नटेबलवर बसवलं की ते पन्नास तास वाजवून रुळवावं लागतं, तोवर त्याच्या आवाजाबद्दल बरं-वाईट काही बोलूच नये, असं एक मत रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळींत फार खात्रीने सांगितलं जातं. कुणी वीस तास म्हणतं, कुणी पन्नास, कुणी शंभर. अलीकडे एका जाणत्या, मोठा संग्रह असलेल्या गृहस्थांनी रसिकांच्या बैठकीत हे मत पुन्हा मांडलं आणि वर एक सल्ला जोडला. या पन्नास तासांसाठी आपल्या चांगल्या रेकॉर्डी वापरू नयेत म्हणे. जुन्या बाजारातून स्वस्तातल्या मराठी रेकॉर्डी उचलाव्यात, नाटकाची पदं, भावगीतं, जे हाती लागेल ते, आणि नवी सुई त्यांच्यावर घासून घ्यावी. कारण काय, तर त्यांचं काही बिघडलं तरी कुणाची हरकत नाही.

माझी हरकत आहे. त्या मतालाही आहे आणि त्या सल्ल्याला तर त्याहून जास्त आहे.

आधी त्यांची बाजू सांगतो. सुईचं टोक हिऱ्याचं असतं. ते एका अगदी बारीक दांडीला बसवलेलं असतं, दांडीच्या दुसऱ्या टोकाला चुंबक किंवा कॉइल असते आणि हा सगळा डोलारा एका इवल्याशा रबरी कड्यावर तोललेला असतो. त्यांच्या मते हे रबर नवं असताना ताठ असतं आणि वापराने सैलावतं. हिरा खाचेत घासून गुळगुळीत होतो. कॉइलच्या तारा ‘मोकळ्या’ होतात. त्यामुळे सुरुवातीला कोरडा, टोचरा वाटणारा आवाज पन्नास तासांनी उघडतो, खर्ज भरतो, गाण्यातले स आणि श बोचेनासे होतात. सगळ्यांनी हे आपल्या कानांनी ऐकलंय, मग आणखी पुरावा कशाला? शेवटी दाखला कोल्हापुरी चपलेचा: नवी चावते, मग पायाला बसते.

तारांचं प्रकरण लगेच संपतं. ऑर्टोफॉनच्या टू-एम रेडसारखं चुंबकाचं कार्ट्रिज ५.५ मिलिव्होल्ट देतं, डेननचं डीएल-१०३ हे कॉइलचं कार्ट्रिज अवघं ०.३ मिलिव्होल्ट. इतक्या क्षीण विजेने तांब्याच्या तारेची प्रकृती कायमची बदलते असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ती कशी बदलते तेही सांगावं. अजून कुणी सांगितलेलं नाही.

चपलेचा दाखलाही टिकत नाही. चप्पल एकाच पायाला रुळते. सुईसमोर मात्र रोज नवा पाय येतो: आज जाड जुनी मोनो रेकॉर्ड, उद्या पातळ स्टीरिओ, परवा जर्मनीत छापलेली. कुणाच्या मापाने रुळायचं तिने?

हिऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चूक उलट्या दिशेची आहे. हिऱ्याचं टोक कारखान्यातच घडवून, घासून, चकचकीत करून येतं. साध्या गोल सुईची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, लंबगोल सुईच्या कडेची साधारण आठ मायक्रॉन. हा आकार ठरवून दिलेला असतो. विनाइलवर फिरून हिरा अधिक सुबक होत नाही, झिजतो. जिथे तो खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकतो तिथे दोन सपाट चट्टे पडत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, आणि ते जसे वाढतात तसे तारस्वर बोथट होतात, खाचेच्या भिंतींना इजा व्हायला लागते. सुरुवातीचा धारदारपणा कमी झाल्यासारखा वाटला तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. हिशेबही बघा. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला सुमारे २१. सरासरी ३६ धरली तर पन्नास तासांत सुई जवळपास ६५ किलोमीटर चालते, म्हणजे पुण्याहून लोणावळा. नीट जपलेली चांगली सुई पाचशे ते हजार तास टिकते असं धरलं, तर शंभर तास रुळवणारा माणूस तिच्या आयुष्याचा दहावा ते पाचवा हिस्सा एकही गाणं मनापासून न ऐकता उधळून टाकतो.

आता रबर. इथे त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून इथे थांबायला हवं. निखळ चूक चटकन खोडता येते, अर्धसत्याला जागा जास्त लागते.

रबर वापराने मऊ होतं हे खरं. कार्बनसारखं भरणद्रव्य मिसळलेलं रबर पहिल्यांदा ताणलं की त्याचा ताठपणा घटतो, आणि पुन्हा तेवढंच ताणताना ते आधीपेक्षा सहज ताणलं जातं. लिओनार्ड मलिन्स यांनी १९४०च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. हा परिणाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्याचा बहुतेक भाग पहिल्या काही ताणांतच उरकतो. ३०० हर्ट्झचा एक स्वर मिनिटभर वाजला तर रबर १८,००० वेळा दबतं आणि सुटतं. वीस मिनिटांची एक बाजू संपेपर्यंत हा आकडा लाखांत जातो. लाखो हेलकाव्यांत जे रबर सैलावलं नाही ते पन्नासाव्या तासाला एकाएकी का सैलावेल? रबराला घड्याळ कळतं असा या मंडळींचा समज असावा.

सतत वजनाखाली राहिलेलं रबर हळूहळू बसत जातं, हेही खरं. पण बसण्याचा हा वेग झपाट्याने उतरत जातो. ढोबळ हिशेब असा की पहिल्या मिनिटापासून पहिल्या तासापर्यंत जेवढा बदल होतो, तेवढाच पुढचा बदल व्हायला पहिल्या तासापासून साठावा तास उजाडावा लागतो. आणि पुन्हा तेवढाच व्हायला ३,६०० तास लागतील, म्हणजे सुईच्या आयुष्याच्या कितीतरी पलीकडे. या सगळ्या वाटेवर पन्नास तासांपाशी पायरी नाही, की जिच्या अलीकडे आवाज बंद आणि पलीकडे उघडा असावा. चढ पहिल्या तासात सगळ्यांत तीव्र आहे, पुढे तो मंद होत जातो.

बरं, रबर सैलावल्याने ऐकण्यात नेमका काय फरक पडतो? याचंही गणित आहे आणि ते फार अवघड नाही. टोनआर्म, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून परिणामी वस्तुमान २० ग्रॅम भरलं, आणि रबराची लवचीकता १२ मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन असली, तर दोघांचा मिळून अनुनाद सुमारे १०.३ हर्ट्झवर येतो. आता त्यांच्या बाजूने उदार होऊन धरू की पन्नास तासांत लवचीकता तब्बल वीस टक्क्यांनी वाढली. अनुनाद येतो ९.४ हर्ट्झवर. योग्य समजला जाणारा पट्टा ८ ते १२ हर्ट्झचा. दोन्ही आकडे त्यातच बसतात. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही, आणि तानपुऱ्याचा खर्ज तर याच्या कितीतरी वर आहे. मग ‘खर्ज भरला’ तो कुठून?

आणि ‘तारस्वर उघडले’ ते कुठून? वरच्या पट्टीतला प्रतिसाद मुख्यतः हिऱ्याच्या टोकाचं परिणामी वस्तुमान आणि विनाइलचा स्वतःचा लवचीकपणा यांवर ठरतो. चुंबकाच्या कार्ट्रिजमध्ये त्यात कॉइलचं इंडक्टन्स आणि जोडवायरचं कपॅसिटन्स यांची भर पडते. टू-एम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स चालतं असं कंपनीच सांगते. वायर आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) मिळून ते त्याच्या फार पुढे गेलं तर वरचे स्वर स्पष्ट ऐकू येईल इतके बदलतात. अशा वायरीवर कार्ट्रिज पन्नास तास वाजवा नाहीतर पाचशे, पिकोफॅरड तेवढेच राहणार. बदलेल तो फक्त ऐकणाऱ्याचा सोसण्याचा सराव.

आणि हवा? या चर्चेत हवेचं नाव कुणीच घेत नाही. रबर थंडीत ताठरतं, उन्हाळ्यात नरमतं. आपल्याकडे हा फरक लहान नाही. पुण्यात जानेवारीच्या पहाटे घरातसुद्धा पारा पंधरा-सोळा अंशांवर उतरतो, मेच्या दुपारी तीस-पस्तीसवर चढतो. डिसेंबरच्या मध्याला कुणी नवं कार्ट्रिज बसवलं, रोज रात्री तासभर ऐकलं, तर पन्नास तास भरेपर्यंत फेब्रुवारी लागतो. थंडी ओसरते, खोली उबदार होते, आणि गृहस्थ जाहीर करतात की कार्ट्रिज रुळलं. त्यात रबराच्या वयाचा वाटा किती आणि ऋतूचा किती, हे त्यांनी कधी मोजलं आहे का? मुंबईचा माणूस हाच प्रयोग दमट मार्चमध्ये करतो आणि म्हणतो, आमचं कार्ट्रिज दहा तासांतच रुळलं. मग दोघे तासांवरून वाद घालतात. खोलीतल्या तापमापकाकडे मात्र दोघांचंही लक्ष जात नाही.

यातली सगळ्यात संशयास्पद गोष्ट मला दिशेची वाटते. रुळणं नेहमी चांगल्याकडेच कसं जातं? नवं असताना छान होतं, पन्नास तासांनी ढिसाळ झालं, असं सांगणारा कुणीच का भेटत नाही? रबर नुसतंच मऊ होत जाणार असेल तर ते बनवणाऱ्याला हव्या त्या मऊपणावर येऊन नेमकं थांबण्याचं काही कारण नाही. बदल जर सगळ्यांना एकाच दिशेचा ऐकू येत असेल, तर तो ऐकणाऱ्याच्या कानात आणि मनात होत असण्याची शक्यता जास्त. नव्या आवाजाची सवय होते. सवय झाली की तो बरा वाटतो. यात कुणाचा कमीपणा नाही, कान तसेच घडलेले आहेत. पण आपल्याला सवय झाली आणि यंत्र सुधारलं, ही दोन वाक्यं एकच नव्हेत.

‘आम्ही स्वतः ऐकलं’ या पुराव्याला एवढं उत्तर पुरे आहे. पहिल्या दिवशीचा आवाज पन्नासाव्या दिवशी पुन्हा ऐकता येत नाही, कारण तो कुणी जपून ठेवलेला नसतो. जपायला आज काहीच कठीण नाही. फोनो स्टेजचा आवाज संगणकात घ्या, तोच तुकडा त्याच वजनावर, त्याच तापमानाला पन्नास तासांनी पुन्हा घ्या, आणि कोणता कुठला हे न सांगता दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा. मी हे त्या गृहस्थांसारख्या अनेकांना सुचवलं आहे. उत्तर येतं की कानांवर विश्वास हवा. कानांवर विश्वास असणाऱ्याने डोळे मिटून ऐकायला तर सगळ्यांत आधी तयार व्हायला हवं.

आणखी एक साधी गोष्ट. डेननचं डीएल-१०३ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडलं. प्रसारण केंद्रात जुनं कार्ट्रिज काढून नवं लावलं की पुढच्या कार्यक्रमाला तेच वाजणार. पन्नास तास थांबायला सवड कुणाला असणार? त्या कार्ट्रिजच्या डबीत त्याच नगाचा मोजून काढलेला आलेख घातलेला असतो. हा आलेख कारखान्यात काढलेला, म्हणजे न रुळलेल्या नगाचा. पन्नास तासांआधी आवाजाचं मोजमाप निरर्थक असतं तर बनवणाऱ्याने तो आलेख कशाला दिला असता?

मग हे मत आलं कुठून? माझा तर्क असा की ते पोलादी सुईच्या काळातून चालत आलं असावं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख मोठ्या प्रमाणात आपल्याच जंगलांतून जात असे. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे आणि ती सुईला घासत असे. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची होई, म्हणून एका बाजूला एक सुई असा दंडक होता. सुयांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या जुन्या घरांत अजून सापडतात. त्या काळी सुई खरोखर रुळायची, काही सेकंदांत रुळायची, आणि बाजू संपली की फेकून द्यायची असायची. १९४८मध्ये विनाइलची लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, हिऱ्याची सुई रूढ झाली, आणि रुळण्याचं कारणच संपलं. समजूत मात्र उरली आणि सेकंदांचे तास झाले.

याच मंडळींचा आणखी एक जुना आग्रह आठवतो, तो वजनाचा. कंपनीने १.८ ग्रॅम सांगितलं असेल तर आपण सव्वा ठेवावा, रेकॉर्ड जपली जाते, असं सांगणारे अनेक होते आणि अजून आहेत. वरवर ते दयाळू वाटतं. प्रत्यक्षात हलक्या वजनावर सुई जोरकस जागी खाचेची भिंत सोडते आणि पुन्हा तिच्यावर आदळते. त्या आदळण्याने भिंतीवर जे व्रण पडतात ते कशानेही भरून येत नाहीत. पुरेशा वजनाची सुई खाचेत नीट बसून चालते आणि कमी नुकसान करते. तेव्हाही त्या वादात आकडे कमी आणि हुंकार जास्त होते. रुळण्याच्या वादातही तीच तऱ्हा आहे.

आता त्या सल्ल्याकडे येतो, कारण लिहायला बसलो ते त्याच्यामुळे.

स्वस्तातल्या मराठी रेकॉर्डींवर नवी सुई घासा. हा सल्ला त्यांच्याच सिद्धांताने किती फसतो ते आधी पाहा. पन्नास-साठच्या दशकांतल्या या रेकॉर्डी मोठ्या संख्येने मोनो आहेत. मोनो खाचेत सुई आडवी हलते, उभी फारशी हलत नाही. स्टीरिओ कार्ट्रिजला मात्र आडव्या-उभ्या दोन्ही हालचाली हव्यात, कारण डाव्या-उजव्या आवाजातला फरक उभ्या हालचालीतच नोंदलेला असतो. म्हणजे पन्नास तास मोनो रेकॉर्डी वाजवल्या तर यांचं रबर एकाच दिशेने रुळणार आणि दुसऱ्या दिशेने कोरं राहणार. जे रुळवायचं तेच अर्धं राहिलं. शिवाय जुन्या बाजारातल्या रेकॉर्डींच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ असते, आणि अशा खडबडीत धुळीने हिरा लवकर झिजतो. सुई नवी असतानाच तिला धुळीतून फिरवायचं, हे जपणं कसं म्हणायचं? त्यातल्या पुष्कळ रेकॉर्डी मूळच्या घरी पेटीत मावणाऱ्या प्लेअरवर, सिरॅमिक कार्ट्रिजच्या चार-पाच ग्रॅम किंवा त्याहून जड सुईखाली वाजलेल्या असतात. त्यांच्यातल्या खरखरीवरून नव्या कार्ट्रिजबद्दल काहीच कळू शकत नाही.

पण मला राग आला तो या गणितामुळे नव्हे. त्यांच्याच म्हणण्यानुसार नवं, ताठ कार्ट्रिज खाचेत नीट चालत नाही. नीट न चालणारी सुई खाच खराब करते हेही त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ते आपली मौल्यवान परदेशी रेकॉर्ड आधी काढून ठेवतात. आणि त्या नुकसानीसाठी निवडतात कुणाला? नाटकातल्या पदांना, भावगीतांना, कुण्या कीर्तनकाराला. यातल्या कित्येकांच्या दुसऱ्या आवृत्त्या निघालेल्याच नाहीत. मुंबईत चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात धूळ खात पडलेली एखादी रेकॉर्ड त्या गाण्याच्या शेवटच्या चांगल्या प्रतींपैकी असू शकते, आणि घासायला नेणाऱ्याला ते कळतही नाही. परदेशी रेकॉर्ड आज पुन्हा छापून मिळते, हवी तेवढी मिळते. हिचं तसं नाही. किंमत कमी म्हणून मोल कमी, हा हिशेब संग्रह करणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. ज्या भाषेत आपण या रेकॉर्डींवर प्रेम करतो असं सांगतो, त्याच भाषेतल्या रेकॉर्डी रद्दीसारख्या वापरायच्या, याला मी रसिकता म्हणणार नाही.

या मताने होणारं खरं नुकसान मात्र आणखी वेगळं आहे. रुळण्याचं कारण सांगितलं की चूक शोधायची कुणाला गरजच उरत नाही. नवं कार्ट्रिज टोचरं वाजत असेल तर बहुतेक वेळा ते तिरकं बसलेलं असतं, पुढे-मागे मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकलेलं असतं, वजन कमी असतं किंवा कपॅसिटन्स जास्त असतं. हिंदुस्थानी संगीताच्या रेकॉर्डीत ही चूक नेमकी वाईट जागी ऐकू येते. विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत पसरलेलं असतं आणि द्रुत आतल्या दाट खाचांत, जिथे सुईखालून खाच निम्म्याहून कमी वेगाने सरकते आणि बसवण्यातली जराशी चूकही मोठी होते. म्हणून आलाप गोड लागतो आणि शेवटच्या ताना खरखरतात. ऐकणारा म्हणतो, अजून रुळायचंय. पन्नास तास तो त्या ताना खरखरत ठेवतो, आणि प्रत्येक खेपेला त्याच खाचांच्या भिंती आणखी खरवडल्या जातात. पन्नास तासांनी त्याच्या कानांना त्या खरखरीची सवय होते, आणि तिकडे रेकॉर्ड कायमची तशीच होऊन बसलेली असते.

विक्रेत्यालाही हे मत सोयीचं आहे. डाव्या-उजव्या बाजूंच्या आवाजात फरक असेल, दांडी किंचित वाकडी असेल, हिरा तिरका चिकटवलेला असेल, तर ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. ‘शंभर तास थांबा’ असं सांगितलं की माल परत करायची मुदत उलटून जाते. टू-एम रेडच्या कागदावर दोन बाजूंमधला फरक १.५ डेसिबलच्या आत असेल असं म्हटलेलं आहे. तुमच्या नगात तो तीन असेल तर तो रुळून दीड होणार नाही. तो परतच करायला हवा.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं थोडकं आहे. कार्ट्रिज पहिल्याच दिवशी बरोबर बसवा. वजन अंदाजाने ठेवू नका, छोट्या डिजिटल काट्यावर मोजा आणि कंपनीने सांगितलेल्या पट्ट्याच्या मध्यावर किंवा जरा वर ठेवा. टू-एम रेडसाठी तो मध्य १.८ ग्रॅम आहे. कार्ट्रिज सरळ बसवण्यासाठीच्या प्रोट्रॅक्टरवर दोन बिंदू असतात, बहुतेकांवर केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजची बाजू रेषेला समांतर येईपर्यंत स्क्रू पक्के करू नका. समोरून बघा, सुई रेकॉर्डवर सरळ उभी आहे ना. सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून अँटी-स्केटिंग ठेवा. वायर आणि फोनो स्टेजचं कपॅसिटन्स मिळवून बघा. रेकॉर्ड ओल्या, स्वच्छ कापडाने किंवा ब्रशने पुसा, सुई मागून पुढे हलक्या ब्रशने झाडा. खोली थंड असेल तर ती जरा उबदार होऊ द्या. चाचणीची रेकॉर्ड मिळाली तर ३०० हर्ट्झच्या वाढत्या जोराच्या पट्ट्या लावून सुई कुठे भिंत सोडते ते ऐका, आणि तो आवाज संगणकात जपून ठेवा.

पहिला तासभर झाला की सगळं एकदा पुन्हा तपासा, आणि वीस-पंचवीस तासांनी आणखी एकदा. रबर जरा बसलं असेल तर कार्ट्रिजचा पुढचा झुकाव बदललेला असू शकतो, स्क्रू ढिले झालेले असू शकतात. रुळण्यात खरं जेवढं आहे त्याची एवढी दखल पुरे. त्यानंतरही आवाज आवडला नाही तर तो तुम्हाला आवडत नाही एवढंच खरं. कार्ट्रिज बदला.

पहिली रेकॉर्ड कोणती लावायची याचंही उत्तर यातूनच निघतं. तुम्हाला पाठ असलेली, तुमची सगळ्यांत लाडकी लावा. किशोरीताई आमोणकरांचा भूप तुमच्या कानांत पक्का असेल तर भूप लावा, संतूर-बासरीची नस माहीत असेल तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावा. चूक असेल तर ती पाठ असलेल्या सुरांतच सगळ्यांत आधी कानाला खटकेल. तुम्ही लगेच सुई उचलाल आणि चूक दुरुस्त कराल. ‘टाकाऊ’ रेकॉर्डवर चूक ऐकायला कुणी बसत नाही, म्हणून तिथे ती पन्नास तास चालू राहते. ज्या सुईखाली आपली आवडती रेकॉर्ड ठेवायला मन धजत नसेल, ती सुई अजून नीट बसलेली नाही. तोवर दुसऱ्या कुणाचीही रेकॉर्ड तिच्याखाली ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.